पहिल्या पुस्तकाची वही

गेल्या महिन्यात एका रविवारी, असरची नमाज आटोपून आम्ही उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे घेऊन बसलो होतो. दारावर टकटक झाली. आमची एक जुनी विद्यार्थिनी आणि तिचे अब्बा आले होते. अब्बा लालबागला शाळेचे गणवेश शिवतात, मुलगी परळच्या एका दवाखान्यात काउंटरवर नोकरी करते. चहा झाला. मग मुलीने पिशवीतून तीन जाड वह्या काढून आमच्यासमोर ठेवल्या आणि मान खाली घातली. बोलले ते अब्बाच.

"टीचर, हिनं कादंबरी लिहिलीय. मराठीत. एक प्रकाशक छापतो म्हणतो, पण साठ हजार मागतो. पाचशे प्रती काढणार, त्यातल्या तीनशे आम्हीच घ्यायच्या. पैसे हिच्या लग्नासाठी ठेवलेत. देऊ का?"

आम्ही पहिली वही उघडली. पहिल्या पानाला एक जुना, पिवळा पडलेला कागद टाचलेला होता. अक्षर तिचे, पण त्यावरची लाल शाई आमची. नववीत असताना आम्ही "बंद पडलेल्या गिरणीचे मनोगत" हा निबंध दिला होता. तिने गिरणीचे मनोगत लिहिलेच नाही. गावाच्या खोलीत राहणाऱ्या कोकणातल्या माणसांसाठी डबे करणाऱ्या आपल्या दादीची हकीकत तिने लिहिली. संपाआधी चाळीस डबे जायचे, संपानंतर सहा उरले, एवढेच त्यात होते. आम्ही खाली लिहिले होते, "विषयांतर. दहापैकी चार."

कादंबरी त्याच चाळीस डब्यांची आहे.

वाचकहो, त्या कागदाकडे पाहून आम्हाला काय वाटले ते लिहीत बसत नाही. त्या संध्याकाळी उत्तर देणे आम्हाला जमले नाही. पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली, तिन्ही वह्या वाचल्या आणि आपल्याकडे पहिली कादंबरी लिहिणारी माणसे कोणत्या वाटेने गेली ते पुन्हा शोधले. आपल्यापैकी अनेकांच्या घरात अशी एखादी वही कपाटात पडलेली असते, म्हणून जे सापडले ते इथे मांडत आहोत.

घरचे लोक पहिला प्रश्न विचारतात तो वेळेचा. नोकरी सांभाळून कादंबरी कशी होणार? श्री. ना. पेंडसे हे नाव मराठी शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दापोलीजवळच्या मुर्डीचा हा माणूस लहानपणी मुंबईला आला आणि त्याने बेस्टमध्ये नोकरी केली. नोकरीतली वर्षे वाया गेली असे त्यांनी मानले नाही, उलट पुढे बेस्टचा इतिहासही त्यांनीच लिहिला. १९४१ मध्ये 'खडकावरील हिरवळ' हे व्यक्तिचित्रांचे पुस्तक आले. पहिली कादंबरी 'एल्गार' आली ती १९४९ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. मध्ये आठ वर्षे गेली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की त्या कादंबरीचा विषय कोकणातल्या खेड्यातले हिंदू-मुसलमानांचे संबंध हा आहे. 'गारंबीचा बापू' आणि 'रथचक्र' त्यानंतरचे. आज राज्य शासन पहिल्या कादंबरीला जो पुरस्कार देते, तो पेंडसे यांच्याच नावाने दिला जातो.

दुसरा प्रश्न शिक्षणाचा आणि भाषेचा. आमची ही मुलगी उर्दू माध्यमातली. "उर्दूत शिकलेली पोर मराठीत काय लिहिणार?" असे तिच्या मामूंनी विचारले म्हणे. मामूंना आम्ही दोन नावे सांगू इच्छितो. पहिले अण्णा भाऊ साठे. शाळा त्यांच्या वाट्याला जवळजवळ आलीच नाही. वाटेगावहून मुंबईला आले, मिळेल ती मजुरी केली, गिरणीत राबले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिले. आधी पोवाडे, मग लोकनाट्ये, मग कथा, मग कादंबऱ्या. १९४४ मध्ये त्यांनी द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब पटेल, गिरणगावच्या सभा आपल्या आवाजाने भारून टाकणारे शाहीर. अण्णा भाऊंची 'फकिरा' १९५९ ची. ती त्यांची पहिली कादंबरी नव्हे, पण राज्य शासनाचा पुरस्कार तिला १९६१ मध्ये मिळाला. शाळेबाहेर राहिलेल्या माणसाचे पुस्तक आज आम्ही शाळेत बसून शिकवतो.

दुसरे नाव किरण नगरकर यांचे. शिक्षण बहुतेक इंग्रजीत झालेले. तरी पहिली कादंबरी 'सात सक्कं त्रेचाळीस' त्यांनी मराठीत लिहिली आणि ती १९७४ मध्ये गिरगावच्या खटाववाडीतल्या मौज प्रकाशनाने काढली. पुढे त्यांनी इंग्रजीत लिहिले ही गोष्ट वेगळी. शाळेचे माध्यम कोणते, यावर गोष्टीची भाषा ठरत नाही. जी माणसे गोष्टीत बोलतात, त्यांच्या तोंडची भाषा लिहिणाऱ्याच्या कानात असावी लागते. या मुलीच्या दादीचे डबे नेणारी माणसे मराठी बोलत होती, दादीही त्यांच्याशी मराठीच बोलत होती. मग ती उर्दूत लिहील कशी?

तिसरा प्रश्न मोठा नाजूक, आणि आपल्या घरांत तोच सर्वात मोठा. लोक काय म्हणतील? अब्बांनी तो थेट विचारला नाही, पण "घरातलं सगळं बाहेर येतं, टीचर," एवढे ते बोलले.

इथे आम्हाला आमचे उर्दूचे धडे आठवले. डेप्युटी नझीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' १८६९ मध्ये आली. तिला उर्दूतली पहिली कादंबरी मानतात. नझीर अहमद शिक्षण खात्यात काम केलेले गृहस्थ. मुलींना वाचायला योग्य पुस्तक सापडेना, म्हणून त्यांनी घरीच लिहायला घेतले. थोडी पाने लिहायची, मुलीने ती वाचायची, मग पुढची पाने. छापण्याचा विचारही नव्हता. शिक्षण खात्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला ती पडली, सरकारने हजार रुपयांचे इनाम दिले आणि अकबरी-असगरीची गोष्ट घरोघरी गेली. म्हणजे उर्दू कादंबरीचा जन्मच मुळी घरात, मुलीसाठी झाला. घरातले भांडण, फुटलेली भांडी, उधारी, सासूचा राग हे सगळे त्यात आहे. घरातले बाहेर आले आणि त्याने कित्येक घरांचे भलेच झाले.

पण नाण्याची दुसरी बाजू लपवणे आम्हाला शोभणार नाही. मुंबईचे उर्दू कादंबरीकार रहमान अब्बास आमच्यासारखेच शिक्षक होते. २००४ मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि नोकरीही सुटली. २०१६ मध्ये ते निर्दोष ठरले. २०१८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्याच 'रोहज़िन'ला मिळाला. हमीद दलवाई यांच्या विचारांशी आपल्यापैकी अनेकांचे मतभेद आहेत, ते असू द्यावेत. पण चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या या माणसाने आधी 'लाट' हा कथासंग्रह आणि मग १९६५ मध्ये 'इंधन' ही कादंबरी लिहिली. कोकणातल्या मुसलमान गावाचे चित्र मराठीत कसे उमटले हे पाहायचे, तर ती वाचावीच लागते. दादरला जन्मलेल्या भाऊ पाध्ये यांची पहिली कादंबरी 'डोंबाऱ्याचा खेळ' १९६० ची. पुढे 'वासूनाका'वर केवढे वादळ उठले ते जुन्या वाचकांना आठवत असेल.

तेव्हा लोक बोलतात, हे खरे आहे. आम्ही मुलीला एकच गोष्ट विचारली. "यातली कोणती माणसे हयात आहेत, आणि त्यांची गुपिते तुला कुणी सांगितली?" ती विचारात पडली. दोन प्रसंग तिने स्वतःहून बदलले. एक मात्र तसाच ठेवला. दादीने संपात घरातला एकुलता दागिना विकून सहा माणसांना उधारीवर जेवू घातले आणि ही गोष्ट आजोबांना मरेपर्यंत कळू दिली नाही. तो प्रसंग ऐकताना अब्बा गप्प बसले होते. त्यांनाही ते ठाऊक नव्हते. "हे तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारले. "दादीनंच," ती म्हणाली. "लिही म्हणाली."

त्यानंतर लोक काय म्हणतील हा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही.

आता साठ हजारांचे. आम्ही स्पष्ट सांगितले, देऊ नका. स्वतःच्या पैशाने पुस्तक काढणे हा काही गुन्हा नाही, अनेक चांगल्या लेखकांनी ते केले आहे. पण तेव्हा आपण छापून घेतो, आणि प्रती व हिशोब आपल्या हाती असतो. इथे पैसे आपले, तीनशे प्रतींचे गिऱ्हाईकही आपणच, आणि पुस्तकाचे हक्क मात्र दुसऱ्याचे, असा तो कागद होता. त्यात मानधनाचा शब्द नव्हता. आमच्या बहिणींनी आणि भावांनी एवढे लक्षात ठेवावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ते ५ वर्षांसाठीच दिले असे कायदा धरतो. पुस्तकावरचा आयएसबीएन क्रमांक भारतात फुकट मिळतो, त्याचे पैसे कुणी मागितले तर सावध व्हावे.

मग करायचे काय? वाट लांब आहे, पण आहे. वर सांगितलेल्या बहुतेकांनी आधी लहान लिहिले, मग मोठे. पेंडशांची व्यक्तिचित्रे, अण्णा भाऊंचे पोवाडे, दलवाईंच्या कथा. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नव्या मराठी लेखकाचा पहिला दरवाजा दिवाळी अंक हाच आहे. आम्ही मुलीला सांगितले, चाळीस डब्यांचे प्रकरण वेगळे काढ, त्याची कथा कर, स्वच्छ टाइप कर आणि उन्हाळ्यातच पाठव. दिवाळी जवळ आल्यावर पाठवलेली कथा कुणी वाचत नाही. नकार आला तर कारण विचार, रडू नकोस.

दुसरे, प्रभादेवीला रवींद्र नाट्यमंदिराच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे कार्यालय आहे. लालबागहून चालत जाता येईल एवढे जवळ. पहिले पुस्तक काढणाऱ्यांसाठी मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. जाहिरात येते, अटी आणि मुदत त्यात दिलेली असते, हस्तलिखित तज्ज्ञ तपासतात. कुणाची ओळख लागत नाही. आपल्या समाजातल्या मुली-मुलांना हे माहीतच नसते, म्हणून मुद्दाम लिहीत आहोत.

तिसरे, वाचन. गिरगावचा साहित्य संघ, दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, बोरीबंदरसमोरची अंजुमनची करीमी लायब्ररी ही सगळी ठिकाणे आपलीच आहेत. ज्याला पुस्तक लिहायचे त्याने आधी शंभर पुस्तकांशी दोस्ती करावी.

पंधरा दिवसांनी दोघे वह्या न्यायला आले तेव्हा आम्ही हे सगळे सांगितले. मुलीचा चेहरा थोडा उतरला. तिला वाटले होते की टीचर म्हणतील, छाप लगेच. आम्ही म्हणालो, "बेटा, कादंबरी चांगली आहे. मधली ऐंशी पाने चांगली नाहीत. तिथे तू दादीला सोडून आम्हाला गिरणीचा इतिहास शिकवतेस. तिथे खरोखरच विषयांतर झाले आहे." ती हसली. मग आम्ही तो टाचलेला कागद मागून घेतला, लाल शाईतले चार खोडून आठ लिहिले आणि खाली आजची तारीख घालून सही केली. दहा का नाही, असे अब्बांनी विचारले. "दोन गुण शुद्धलेखनाचे कापलेत," आम्ही म्हणालो. शिक्षकाची खोड जात नाही.

सध्या रोज इशानंतर अब्बा शिलाईचे मशीन बंद करतात आणि मुलगी त्यांना एक प्रकरण वाचून दाखवते. भोंगा किती वाजता व्हायचा, कुठल्या पाळीला कोण जेवायला यायचे, डब्यात शुक्रवारी काय असायचे, हे ते सांगतात आणि ती दुरुस्त करते. कथा दिवाळी अंकाकडे गेली आहे, उत्तर आलेले नाही. साठ हजार बँकेतच आहेत.

तुमच्या घरात अशी वही असेल तर ती कपाटातून काढा. छापायचे पुढे पाहता येईल. आधी घरातल्या कुणीतरी ती वाचावी. लिहिणारी मुलगी असेल तर तिला रोज एक तास मोकळा द्यावा आणि त्या तासात चहा दुसऱ्या कुणीतरी करावा. इन्शाअल्लाह, पुढच्या महिन्यात भेटू.