हस्तक्षेप की अलिप्तता?

— बी. ए. भाग २

बलाढ्य राष्ट्राने दुसऱ्या देशाच्या भानगडीत पडावे की आपले घर सांभाळून स्वस्थ बसावे, हा विषय वक्तृत्व स्पर्धांना नवा नाही. एका बाजूचा वक्ता ‘वसुधैव कुटुंबकम्’ म्हणून टाळी घेतो. दुसऱ्या बाजूचा ‘लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजता?’ असे विचारून हशा पिकवतो. उदाहरणे मात्र दोघांचीही ठरलेली असतात : अमेरिका, रशिया, व्हिएतनाम, इराक. ऐकणाऱ्याला वाटते, हा फार दूरच्या आणि फार मोठ्या लोकांचा प्रश्न आहे, अमडापूरच्या माणसाचा त्याच्याशी संबंध काय?

माझे म्हणणे असे की, हा प्रश्न एकेकाळी आपल्या तालुक्याच्या वेशीवर येऊन उभा राहिला होता. त्याचे उत्तर शोधताना आधी तिकडे पाहावे, मग जगाकडे वळावे.

आमच्या भागातील म्हातारी माणसे जाफराबाद-भोकरदनकडच्या मुलखाला अजून ‘मोगलाई’ म्हणतात. “पोरगी मोगलाईत दिली,” हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी घरात ऐकले असेल. या शब्दामागे मोठा इतिहास आहे. आपले वऱ्हाडसुद्धा एकेकाळी निजामाचेच होते. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये देण्याच्या बोलीवर ते कायमच्या पट्ट्याने घेतले. म्हणजे कागदोपत्री मालक निजाम आणि कारभारी इंग्रज! चिखलीहून सकाळी निघालेली बैलगाडी दिवस मावळेपर्यंत जाफराबादला पोचावी इतकेच अंतर. पण मध्ये राज्याची सरहद्द होती. भाषा एक, पीकपाणी एक, सोयरीक एक, आणि कायदा मात्र वेगळा.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी अलीकडचा माणूस स्वतंत्र झाला, पलीकडचा झाला नाही. निजाम मीर उस्मान अली खान यांनी हैदराबाद संस्थान स्वतंत्र राहणार असे जाहीर केले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारबरोबर एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. पण गावोगाव सत्ता चालू लागली ती कासीम रझवीच्या रझाकारांची. लूट, जाळपोळ आणि खून यांना ऊत आला. हजारो माणसे घरेदारे सोडून सरहद्द ओलांडून शेजारच्या प्रांतांत आली. माझ्या पणजीचे माहेर मोगलाईतले. ‘रझाकारीत’ गावातले बाप्ये रात्री घरात निजत नसत, ज्वारीच्या उभ्या पिकात निजत, असे ती सांगे. ही गोष्ट आमच्या घरात अजून सांगितली जाते.

अशा वेळी दिल्लीने काय करावयाचे? आज आपल्याला उत्तर सोपे वाटते, कारण निकाल ठाऊक आहे. त्या वेळी ते सोपे नव्हते. अलिप्त राहावे असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला वजनदार कारणे होती. करार सही-शिक्क्याचा होता आणि त्याची मुदत संपलेली नव्हती. देशाची नुकतीच फाळणी झाली होती. काश्मीरमध्ये लढाई चालू होती. हैदराबादने २१ ऑगस्ट १९४८ रोजी युनोच्या सुरक्षा समितीकडे तक्रार केली होती, म्हणजे जगाच्या दरबारात हा दोन राज्यांमधला तंटा म्हणून मांडला गेला होता. तरीही १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. सरकारने तिला ‘पोलीस कारवाई’ असे सौम्य नाव दिले. रणगाडे घेऊन जाणारे पोलीस जगात इतरत्र कोठे नसतील!

ही कारवाई योग्य होती असे मी मानतो. दिल्लीची ताकद मोठी होती म्हणून ती योग्य ठरत नाही. ताकद तर इंग्रजांजवळही होती. ती योग्य ठरते, कारण आतल्या माणसांनी हाक दिली होती आणि ती हाक दिल्लीने शिकवलेली नव्हती. स्वामी रामानंद तीर्थ आणि स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते कितीतरी आधीपासून तुरुंगवास भोगत होते. शोएबुल्ला खान या तरुण संपादकाने ‘इमरोज’ या आपल्या पत्रातून भारतात विलीन होण्याची बाजू मांडली, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्याचा खून केला. हे नाव आपण विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. हा झगडा हिंदू विरुद्ध मुसलमान असा होता असे जो सांगतो, त्याला शोएबुल्ला खानाचे रक्त पुसून टाकावे लागते.

त्याहीपूर्वीची एक हकिकत आपल्या वयाच्या मुलांची आहे. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातील अनेक विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे प्रवेश दिला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक. फौज नाही, तोफ नाही, फक्त प्रवेशाचा अर्ज मंजूर झाला. पण हाही शेजारच्या राज्यातील अन्यायात केलेला हस्तक्षेपच होता. हस्तक्षेप म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एकदम सैन्य उभे राहते. सैन्य ही अगदी शेवटची पायरी आहे. पळून आलेल्याला दार उघडणे, ही पहिली.

आता या कथेची दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. निजाम शरण आला आणि आपण येथे इतिहासाचे पुस्तक मिटतो. पण त्यानंतरच्या दिवसांत संस्थानातील कितीतरी गावांत सूड घेतला गेला, आणि तो रझाकारांपुरता राहिला नाही. ज्यांनी काठीसुद्धा उचलली नव्हती अशा सामान्य मुसलमान कुटुंबांवर तो उलटला. भारत सरकारनेच नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीने गावोगाव फिरून अहवाल दिला. कारवाईच्या काळात व नंतर कमीत कमी २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली असावीत, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे आपल्या मराठवाड्याचे जिल्हे होते. काही ठिकाणी गणवेशातील माणसेही लुटीत व हत्येत सामील होती, असे हा अहवाल सांगतो. आणि हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमान कुटुंबांना वाचवल्याचेही तोच सांगतो. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

एवढे वाचून कोणी म्हणेल, “पाहा, म्हणूनच पडू नये दुसऱ्याच्या भानगडीत!” मला ते पटत नाही. फौज गेली नसती तर रझाकारी चालूच राहिली असती. पण दुसरा कोणी म्हणेल, “लाकूडतोडीत ढलप्या उडायच्याच.” तेही मला पटत नाही. ज्याच्या शब्दावर फौज आत गेली, त्याच्याकडे त्या मुलखातील प्रत्येक जिवाची राखण आली. हरलेल्याच्या पोराबाळांचीसुद्धा. विजयाची तारीख आपण दरवर्षी साजरी करतो. नंतरच्या महिन्यांचा हिशेब मात्र अजून पुरता मांडलेला नाही.

येथे एक आक्षेप मला अपेक्षित आहे. हैदराबाद म्हणजे काही परदेश नव्हे, तो घरातला मामला होता, त्यावरून परराष्ट्राचे धोरण कसे ठरवावयाचे? आक्षेप रास्त आहे. म्हणून आपल्याच देशाची खऱ्या अर्थाने परदेशातील दोन उदाहरणे घेऊ.

पहिले १९७१ चे. पूर्व पाकिस्तानच्या जनतेने १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगला प्रचंड बहुमत दिले होते. तो कौल मोडून काढण्यासाठी २५ मार्च १९७१ च्या रात्री लष्कराने कत्तल आरंभली. जवळजवळ एक कोटी निर्वासित भारतात आले. आपण आधी दार उघडले, आठ महिने जगाला सांगून पाहिले आणि डिसेंबरात युद्ध झाले. १६ डिसेंबरला ते संपले आणि मार्च १९७२ मध्ये आपल्या फौजा परत आल्या. हाक मतपेटीतून आलेली होती आणि काम झाल्यावर पाहुणा निघून गेला.

दुसरे १९८७ चे. २९ जुलैला भारत आणि श्रीलंका यांच्या सरकारांमध्ये करार झाला आणि शांतिसेना जाफन्यात उतरली. तमिळ जनतेने प्रथम तिचे स्वागत केले. पण ज्या वाघांना एकेकाळी आपणच लढाईचे शिक्षण दिले होते, त्यांची करारावर सही नव्हती. ऑक्टोबरात त्यांच्याशीच युद्ध जुंपले. इकडे सिंहली जनताही संतापलेली. शेवटी श्रीलंकेच्या नव्या अध्यक्षांनीच ‘आता जा’ असे सांगितले आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली. सुमारे बाराशे भारतीय जवान तेथे धारातीर्थी पडले. आमंत्रण सरकारचे होते, पण दोन्हीपैकी एकाही समाजाची हाक आपल्याला नीट ऐकू आली नव्हती.

याच मापाने जगाकडे पाहावे. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, तेव्हा ‘आम्हाला बोलावले म्हणून आलो’ असेच सांगितले गेले. अमेरिका २००१ मध्ये तेथेच गेली आणि वीस वर्षांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये बाहेर पडली, तेव्हा पुन्हा तालिबानचेच राज्य आले. २००३ मध्ये इराकवर स्वारी झाली ती संहारक शस्त्रांच्या नावाने, आणि ती शस्त्रे सापडलीच नाहीत. म्हणजे बलवान माणूस हाकसुद्धा विकत घेऊ शकतो, नाही मिळाली तर स्वतःच तोंड फिरवून देऊ शकतो.

मग अलिप्तता बरी का? १९३९ मध्ये ‘सेंट लुई’ नावाचे जहाज नऊशेहून अधिक ज्यू निर्वासितांना घेऊन क्यूबाला गेले. तेथे बहुतेकांना उतरू दिले नाही. अमेरिकेनेही दार उघडले नाही. जहाज युरोपात परतले आणि त्यांतील कितीतरी माणसे पुढे हिटलरच्या छळछावण्यांत मेली. १९९४ मध्ये रुआंडात सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे कापली गेली. तेथील युनोच्या सेनापतीने अधिक फौज मागितली, तर सुरक्षा समितीने होती तीच फौज कमी केली. कोणी भाकऱ्या भाजल्या नाहीत, सगळे शहाणे आपापल्या घरी बसले. स्वस्थ बसण्याचीही किंमत असते. फक्त ती बसणाऱ्याला भरावी लागत नाही.

मित्रहो, म्हणून ‘हस्तक्षेप की अलिप्तता’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. कोणतेही बलाढ्य राष्ट्र बाहेर फौज पाठवू लागले, तर आपण तीन गोष्टी विचाराव्यात. हाक कोणाची आहे : ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांची, की त्यांच्या नावाने बोलणाऱ्या कोणाची? काम झाले हे कशावरून ठरणार आणि त्या दिवशी परत फिरणार का? आणि पाठीमागे जे घडेल त्याचा जाब कोण देणार? हैदराबादने पहिल्या कसोटीला उत्तम उत्तर दिले, तिसरीला दिले नाही. श्रीलंका पहिल्याच कसोटीला अडखळली. इराक तिन्हींना नापास झाले.

हे सर्व पुस्तकी वाटेल, म्हणून एक शेवटचे सांगतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कोणत्याही रस्त्यावर पहाटे गेलात, तर भरतीसाठी धावणारी मुले दिसतील. त्यांत माझ्या वर्गातली आहेत, माझ्या भावकीतली आहेत. कोरडवाहू शेती, सोयाबीनचा भाव आणि बहिणीचे लग्न यांचा हिशेब मनात मांडत ती धावतात. माझ्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. मला हा लेख लिहिण्याइतकी सवड मिळाली, त्यांना ती नाही. देशाने उद्या कोठे जावयाचे ठरवले, तर ठरवणारे दिल्लीत राहतील आणि जाणारे येथून जातील. जाफन्यात पडलेले जवान असेच कोणत्या ना कोणत्या खेड्यातून गेले होते.

त्यामुळे देशाच्या नावाने घोषणा देण्याआधी हे तीन प्रश्न विचारणे याला कोणी देशद्रोह म्हणू नये. ते आपले काम आहे. जो शिकला त्याने धावणाऱ्याच्या वतीने विचारावे, नाहीतर शिकून उपयोग काय? हाक खरी असेल तर आपला जिल्हा मागे राहणार नाही याची मला खात्री आहे. पण ती खरी आहे की नाही, हे फौज निघण्याआधी विचारले गेले पाहिजे. नंतर विचारायला पलीकडच्या गावात माणसे उरत नाहीत, आणि अलीकडच्या गावात मुले.