धूळ कोणाची, धग कोणाची

साहित्याच्या वर्गांतून आणि चर्चासत्रांतून एक विधान अलीकडे फार सहजपणे केले जाते: प्रत्येक छायाचित्र ही एक रचनाच असते, तेव्हा त्यात खरेखोटे शोधणे हा भाबडेपणा होय. या विधानाला समाधानकारक उत्तर मला कोणत्याही सिद्धांतग्रंथात मिळाले नाही. ते मिळाले विमानांची छायाचित्रे संस्कारित करण्याच्या एका रुक्ष, जवळजवळ कारकुनी उद्योगात. त्याच उद्योगात माझे एक भांडणही उभे राहिले. आज दोन्ही मांडायची आहेत.

हौशी छायाचित्रकारांनी टिपलेली विमाने संग्रहित करणारी काही मोठी दालने आंतरजालावर आहेत. तेथे पाठवलेले चित्र थेट लागत नाही. जाणते स्वयंसेवक त्याची छाननी करतात आणि न पटल्यास कारणासह परत करतात. मुंबईच्या धावपट्टीलगतच्या एका गच्चीवरून काढलेली माझी पहिली अकरा चित्रे अशीच परत आली. पण आपल्या नियतकालिकांच्या ‘साभार परत’मध्ये आभाराखेरीज काही नसते. इथे मात्र लिहिलेले असे: क्षितिज कलते आहे, आकाशात डाग आहेत, धार अतिरिक्त आहे. ही शिकवणी फुकट मिळाली, हे कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.

तीतून पुष्कळ कळले. चित्र सरळ करताना धावपट्टीवर विश्वास ठेवू नये, कारण तिला स्वतःचा उतार असतो. चित्राच्या मध्याजवळची एखादी इमारत किंवा खांब यांची उभी रेघ प्रमाण मानावी. धार लावणे हे काम सर्वांत शेवटी, चित्र लहान केल्यावर करावे. ती अधिक झाली तर विमानाच्या पाठीवर पांढरी कड उमटते आणि नावाच्या अक्षरांना पायऱ्या पडतात. कॅमेऱ्याच्या संवेदकावर बसलेली धूळ निळ्या आकाशात डोळ्यांना दिसत नाही. फोटोशॉपमधील ‘इक्वलाइझ’ ही आज्ञा दिली की आकाश क्षणात विद्रूप होते आणि लपलेला प्रत्येक कण काळ्या ठिपक्याच्या रूपाने वर येतो. मग ती आज्ञा मागे घ्यायची आणि एकेक ठिपका पुसायचा.

या साऱ्यामागचे तत्त्व मला फार मोलाचे वाटते. धुळीचा ठिपका पुसायला परवानगी आहे. विमानासमोर आलेला दिव्याचा खांब पुसायला नाही. ठिपका कॅमेऱ्याचा, खांब जगाचा. साधनाचा दोष दूर करावा, वस्तुस्थितीला हात लावू नये. ‘सगळीच रचना’ म्हणणाऱ्यांना ही सीमारेषा दिसत नाही, पण ती नाकारल्याची किंमत मोजावी लागते. ऑगस्ट २००६ मध्ये रॉयटर्सने अदनान हज्ज या छायाचित्रकाराचे बैरूतमधील बाँबहल्ल्यानंतरचे एक चित्र मागे घेतले. त्यातील धुराचे लोट ‘क्लोन’च्या साधनाने वाढवलेले होते. आपण धुळीचे डाग पुसत होतो, असा त्याचा खुलासा होता. संस्थेने त्याची ९२० चित्रे विक्रीसंग्रहातून काढून टाकली. साहित्याच्या अभ्यासकाला तर ही सीमारेषा नवी वाटू नये. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा पानोपानी हाच प्रश्न होता: हा लेखनिकाचा प्रमाद की मूळ पाठाचा शब्द?

आता भांडण. नामंजुरीच्या कारणांच्या यादीत धूळ, कलते क्षितिज, अतिरिक्त धार यांच्याच पंक्तीला एक दोष बसवलेला आहे: उष्म्याची लहर. तापलेल्या डांबरावरची हवा थरथरते, खिडक्यांची सरळ रांग पाण्यातल्यासारखी डुलू लागते. पण हा दोष कोणाचा? कॅमेऱ्याचा नाही, छायाचित्रकाराचाही नाही. ती धग त्या जागेची आहे. सकाळी लवकर जा, विमानाच्या जवळ जा, असा उपदेश होतो. मात्र विमानतळावर परवानगीवाचून चित्रणाला मनाई करणारा नियम आपल्याकडे १९३७च्या विमान नियमांतलाच. मग लांबच्या गच्चीवरून, लांब पल्ल्याच्या भिंगातून, तितक्याच लांबीच्या तापल्या हवेतूनच पाहावे लागते.

दालनाची बाजू निरर्थक नाही. हा संग्रह अभिलेख आहे, तपशील वाचता आला पाहिजे, हे मान्य. मग ‘तपशील अपुरा’ एवढेच म्हणावे. पण दुर्मीळ विमान किंवा जुनी पारदर्शिका आली की हीच छाननी सैल होते. म्हणजे निर्णय मूल्याचा असतो आणि भाषा मात्र दोषाची. परिणाम असा की थंड प्रदेशातली स्वच्छ हवा हीच दृष्टीची प्रमाणभाषा ठरते आणि आमचा वैशाख ही बोलीतली अशुद्धता. प्रमाण मराठीच्या नावाखाली किती लेखकांची वाक्ये अशीच ‘शुद्ध’ झाली, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

एप्रिल २०२४ मध्ये एअर इंडियाचे एक ७४७-४०० मुंबईहून अखेरचे उडाले आणि पंख हलवून निरोप घेऊन गेले. धावतानाचे माझे चित्र परत आले. कारण उष्म्याची लहर. त्या रात्री मी जुन्या चित्रातली खिडक्यांची सरळ रांग उचलून या चित्रावर बसवली. जोड कुठेच दिसत नव्हता. चित्र निर्दोष झाले होते आणि खोटे झाले होते. धूळ पुसता पुसता बैरूतपर्यंत कसे पोचता येते, ते मला माझ्याच टेबलाशी कळले. ते चित्र मी पाठवले नाही, नष्ट केले.

म्हणून मागणी एकच: तुमचाच नियम शेवटपर्यंत पाळा. जगाची धग कॅमेऱ्याच्या धुळीत मोजू नका. मोजाल, तर प्रामाणिक माणसालाही खोटेपणा शिकवाल. थरथरणारे मूळ चित्र मी जपून ठेवले आहे. त्या सकाळी ते विमान तसेच दिसले होते.