चिठ्ठीवर नसलेली ओळ

चिठ्ठीवर एवढंच होतं: ‘दोन्ही स्तनांची सोनोग्राफी’. वय २४. लातुरात मी गेली वीस वर्षं सोनोग्राफी करते आहे. अशा चिठ्ठ्या रोजच येतात आणि या वयात छातीतली गाठ बहुतेक वेळा फायब्रोअ‍ॅडिनोमाची, म्हणजे निरुपद्रवी निघते.

या मुलीच्या डाव्या स्तनात तीन गाठी होत्या, उजव्यात दोन. लंबगोल, काळपट, मागे सावली न पाडणाऱ्या. कॅल्शियमचे कण कुठेच नाहीत. ‘बहुधा साध्या गाठी, सहा महिन्यांनी पुन्हा तपासा’ हा रिपोर्ट माझ्या मनात तयार होत आला होता. पण दोन गाठींची कड एका अंगाला अस्पष्ट होती, भोवती उजळ कडं होतं, काखेतले अवधाणही सुजलेले. मी विचारलं, ‘आधी काही मोठं दुखणं झालं होतं का गं?’ ती आईकडे बघू लागली. आई म्हणाली, ‘काही नाही मॅडम.’ बाहेर बाकावर त्यांच्याच गावची दोन माणसं बसली होती.

दार लावून घेतलं आणि पुन्हा विचारलं. तेव्हा कळलं. चार वर्षांपूर्वी रक्ताचा कॅन्सर, मुंबईत उपचार, अडीच वर्षं औषधं. ‘आता स्थळं बघतोय. फाईल ट्रंकेत तळाला ठेवलीय.’

रक्ताचा कॅन्सर, म्हणजे ल्युकेमिया, कधीकधी स्तनात उतरतो. हे दुर्मिळ आहे, आणि बहुतेक वेळा ज्या तरुण बाईला तो आधी होऊन गेला आहे तिच्यातच दिसतं. रक्ताची तपासणी नॉर्मल असतानाही आजार स्तनातून परतू शकतो. या मुलीच्या पेशींचे आकडे अगदी ठीक होते. सोनोग्राफीत त्याला स्वतःचा असा चेहरा नसतो. तो फायब्रोअ‍ॅडिनोमासारखा दिसतो, गळवासारखा, लिम्फोमासारखा, नेहमीच्या स्तनाच्या कॅन्सरसारखाही. मॅमोग्राफीत या वयाच्या दाट स्तनांमध्ये गाठ लपूनच जाते. एमआरआय आणि पेट स्कॅन आजार किती पसरलाय ते दाखवतात. पण गाठ कशाची आहे ते सुईने काढलेला तुकडाच सांगतो.

तोसुद्धा विचारल्याशिवाय सांगत नाही. पॅथॉलॉजिस्टला जुना आजार ठाऊक नसेल तर या पेशी लिम्फोमाच्या वाटू शकतात. ठाऊक असेल तर तो नेमक्या चाचण्या लावतो: लिम्फोब्लास्टसाठी टीडीटी, मायलॉइड प्रकारासाठी मायलोपेरॉक्सिडेज. मी तुकड्यासोबत पूर्ण इतिहास लिहून पाठवला. टीडीटी पॉझिटिव्ह आली, म्हणजे जुना आजारच परतला होता.

म्हणून माझं मागणं साधं आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने ‘पूर्वी कॅन्सर, केमो, बोन मॅरो ट्रान्सप्लांट?’ ही एक ओळ लिहावी. आम्ही सोनोग्राफीवाल्यांनी हा प्रश्न दार लावून, पेशंटला एकटीला विचारावा. आणि सर्जन मंडळींना कळकळीने सांगते, सुईची बायोप्सी झाल्याशिवाय गाठ काढू नका, स्तन तर नाहीच नाही. हा आजार अंगभर असतो. त्याला केमो लागते. ऑपरेशनच्या जखमा भरण्यात गेलेले आठवडे अशा पेशंटला परवडत नाहीत.

आयांवर मी रागवू शकत नाही. बरी झालेली मुलगी ‘कॅन्सरवाली’ म्हणून नाकारली जाते, हे त्यांनी आपल्याच भावकीत पाहिलेलं असतं. पण सोनोग्राफीच्या खोलीत स्थळाकडची माणसं नसतात. तिथे ती फाईल आणा.

त्या आईने दुसऱ्या दिवशी आणली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, नावावर कागद चिकटवलेली. मुलगी मुंबईला निघाली तेव्हा तो कागद तिनेच खरवडून काढला.