अस्सल म्हणजे नेमके काय?

२०१९ च्या जूनमध्ये गिब्सन या अमेरिकन गिटार-कंपनीने एक चित्रफीत प्रसारित केली. तिचे नाव होते ‘प्ले ऑथेंटिक’, म्हणजे अस्सल तेच वाजवा. आपल्या गिटारींच्या आकारांची नक्कल करणाऱ्यांना तीत सज्जड दम भरला होता. वादकांनी तिची इतकी हुर्यो उडवली की कंपनीला ती मागे घ्यावी लागली. पण ‘अस्सल’ या शब्दाची दहशत काही तिच्याबरोबर मागे गेली नाही. मूळ, अनुकरण, प्रभाव, रूपांतर या शब्दांशी झटापट करण्यात ज्यांचे आयुष्य जाते, त्या साहित्याच्या अभ्यासकांनी तरी या दहशतीची चौकशी करायला हवी.

वाद आहे तो ‘सिंगल-कट’ इलेक्ट्रिक गिटारीचा. मानेजवळ एकाच बाजूला खोल खाच, महोगनीचे जाड धड आणि त्यावर मेपलचा किंचित फुगीर थर, अशी तिची ठेवण. या घराण्याची मूळ पुरुष म्हणजे गिब्सनची १९५२ साली आलेली लेस पॉल. आज अमेरिकेत नवी लेस पॉल स्टँडर्ड घ्यायची तर अडीच हजार डॉलरांच्या पुढे मोजावे लागतात. १९५९ च्या गिटारीची कंपनीनेच केलेली प्रतिकृती सहा हजारांच्याही वर जाते. उलट गिब्सनच्याच मालकीच्या एपिफोनची, चीनमध्ये बनणारी लेस पॉल सहा-सातशे डॉलरांत मिळते, आणि थोमान या जर्मन दुकानाच्या हार्ली बेंटन या घरच्या छापाची सिंगल-कट तीनशे युरोंच्या आत. पहिलीला गिटार म्हणायचे आणि उरलेल्यांना ‘कॉपी’, असा रिवाज आहे. माझा आक्षेप या रिवाजाला आहे.

मुळात ज्या सनबर्स्ट रंगाच्या, १९५८ ते १९६० मधल्या लेस पॉलसाठी संग्राहक आज लाखो डॉलर देतात, त्या त्यांच्या काळी पुरेशा खपत नव्हत्या. म्हणून गिब्सनने हा आकारच मोडीत काढला आणि पातळ धडाची, दोन शिंगांची वेगळीच गिटार १९६१ साली त्याच नावाने विकायला काढली. पुढे १९६६ साली जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर एरिक क्लॅप्टनने ज्या लेस पॉलवर ध्वनिमुद्रण केले ती अशीच, उत्पादन बंद झालेली, सेकंडहँड घेतलेली होती. मार्शलचा अ‍ॅम्प्लिफायर मोठ्या आवाजात ठेवून त्याने तिच्यातून जो भरदार, कडांना फाटणारा स्वर काढला, तो ऐकून वादक या आकाराच्या मागे लागले. आणि १९६८ साली कंपनीला तो पुन्हा बाजारात आणावा लागला. म्हणजे ज्या ध्वनीला आपण आद्य मानतो तो कारखान्याने घडवलेला नाही. कारखान्याने टाकून दिलेल्या वस्तूतून एकविशीतल्या एका पोराने तो काढला. संहिता वाचकाने घडवल्याचे याहून धडधडीत उदाहरण शोधूनच काढावे लागेल.

पुढची कथा तर अधिकच मासलेवाईक आहे. सत्तरच्या दशकात गिब्सन आपल्या लेस पॉलचे धड थरांचे सँडविच करून बनवत होती, आणि त्याच दशकात ग्रेको, टोकाई हे जपानी कारखाने पन्नाशीतली जुनी घडण अभ्यासून गिरवत होते. अस्सल कोणाची? १९७७ साली गिब्सनच्या तेव्हाच्या मालक कंपनीने इबानेझच्या अमेरिकेतील वितरकाला कोर्टात खेचले, तेही ध्वनीसाठी किंवा घडणीसाठी नव्हे. गिटारीच्या डोक्याच्या आकारासाठी. तो वाद तडजोडीने मिटला. २००० साली पॉल रीड स्मिथ यांच्या कंपनीने सिंगल-कट आणली तेव्हा मात्र गिब्सनने थेट धडाच्या आकारावर हक्क सांगितला. २००४ मध्ये मनाई हुकूम मिळाला, २००५ मध्ये अपील न्यायालयाने तो उठवला. दुकानात गिटार घेताना गिऱ्हाईक फसत नाही, हे गिब्सनने मान्यच केले होते; धुराने भरलेल्या बारमध्ये दुरून पाहणाऱ्याचा घोटाळा होईल, एवढाच युक्तिवाद उरला आणि न्यायालयाने तो स्वीकारला नाही. मर्ढेकरांच्या कवितेत एलियट हुडकणाऱ्या आपल्या काही समीक्षकांची यावरून आठवण झाली तर नवल नाही. त्यांचेही पाहणे पुष्कळदा असेच दुरून असते.

डोक्याचा तो आकार गिब्सनने अनेक वर्षे एपिफोनच्या लेस पॉललाही दिला नव्हता. पुढे तो दिला, पण एपिफोनच्या हजार डॉलरांवरच्या गिटारींना. लाकडाच्या चार वळणांची ही किंमत. ध्वनीशी तिचा संबंध शून्य.

सगळ्या स्वस्त गिटारी चांगल्या असतात, असा भाबडा दावा मी करत नाही. फ्रेटची टोके बोटाला लागतात, नट ओबडधोबड कापलेला असतो, आवाजाची बटणे खरखरतात. हे दोष जाणकार कारागिराच्या हातून थोडक्या खर्चात जातात. आवडले नाहीत तर पिकअपही बदलता येतात. विजेच्या गिटारीत तारेच्या कंपनाचा विद्युतसंकेत पिकअप करतो, आणि पुढचे पुष्कळसे काम अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकरचे असते. ज्याच्या खिशात मोजके पैसे आहेत त्याने ते अ‍ॅम्प्लिफायरवर घालावेत. एक तपशील तर महागड्या गिटारीच्या विरोधातच जातो. गिब्सनची मान आणि मागे झुकलेले डोके महोगनीच्या एकाच तुकड्यातून कापतात. त्यामुळे लाकडाचे तंतू त्या वळणावर आडवे तुटतात आणि गिटार पडली की डोके तिथेच मोडते. अनेक स्वस्त गिटारींत डोके तिरक्या सांध्याने जोडलेले असते, ते तिथे अधिक टिकते. या सांध्याला ‘काटकसर’ म्हणून हिणवले जाते!

स्वस्त गिटारीला विचारण्याजोगा खरा प्रश्न निराळा आहे, आणि अस्सलपणाच्या गोंगाटात तो ऐकूच येत नाही. ती स्वस्त कोणाच्या जिवावर? अनेक नामांकित छापांसाठी गिटारी बनवणाऱ्या कॉर्ट या कोरियन कंपनीतून २००७ साली काढून टाकलेल्या कामगारांनी केलेला लढा तडजोडीने संपायला २०१९ चा एप्रिल उजाडला. उत्पादन तोवर इंडोनेशिया आणि चीनमध्ये गेले होते. त्याच वर्षी, दोनच महिन्यांनी, ‘अस्सल तेच वाजवा’ असे आपल्याला बजावण्यात आले. गिटारीच्या डोक्यावर कोणाचे नाव आहे याचीच चर्चा त्यानंतर वर्षभर रंगली. ते डोके घासून गुळगुळीत करणाऱ्यांची नावे त्या चर्चेत मला कुठे आढळली नाहीत.