१०८ चा आकडा आणि खडकाळ ग्रह



बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ यांची रचनाच १०८ या अंकावर बेतलेली आहे, असे सांगणारे पत्र या सदरात वाचले. त्यातील मुख्य पुरावा शुक्राचा: सूर्यापासून अंतर सुमारे १०.८ कोटी किलोमीटर. आकडा बरोबर आहे. पण तेच अंतर मैलांत मोजले की ६.७ कोटी होते. किलोमीटर हे माणसाने अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ठरवलेले माप आहे. उरलेल्या तिघांची अंतरे ५.८, १५ आणि २२.८ कोटी किलोमीटर. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या सुमारे १०९ पट. पण शुक्राच्या ११५, मंगळाच्या २०५ आणि बुधाच्या २८५ पट. जुळेल ते घ्यायचे आणि न जुळेल ते सोडायचे, याला पुरावा म्हणत नाहीत.

२७ नक्षत्रे आणि प्रत्येकाचे ४ चरण मिळून १०८ होतात. १०८ मण्यांच्या जपमाळेवरील श्रद्धेला ग्रहांच्या व्यासाचा टेकू कशाला हवा?

आकाश आणि आकडे यांचे खरे नाते कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरातील किरणोत्सवात दिसते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारीअखेरीस मावळतीचे किरण गाभाऱ्यात शिरून मूर्तीच्या चरणांवरून वर सरकतात. हे दोन्ही काळ २१-२२ डिसेंबरपासून, म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवसापासून, सुमारे ४१ दिवसांच्या अंतरावर आहेत. दोन्ही वेळा सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे १७ अंश दक्षिणेला असतो. कोल्हापुरातील शिक्षकांनी हा हिशेब मुलांकडून जरूर करून घ्यावा.

— एक शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर