न्हाणीची फरशी कोणासाठी बदलायची?

सोलापूरच्या जुन्या घरांत न्हाणीत हमखास शहाबादी फरशी दिसते. कलबुर्गी जिल्ह्यातले शहाबाद आपल्याच रेल्वेमार्गावर. त्यामुळे हा दगड आपल्याकडे सहज आला आणि घरोघर बसला. बिनपॉलिशचा, दिसायला साधा, पण पाय धरून ठेवणारा. आता ईद किंवा घरातले लग्न जवळ आले की, “ही काळी फरशी काढून चकचकीत टाइल्स घालू” असे ठरते. यात गैर काही नाही. शहाबादी हा चुनखडीचा दगड. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काढायला आपण त्यावर ॲसिड ओततो आणि डागांबरोबर दगडही झिजतो. खड्ड्यांत पाणी साचते, शेवाळ धरते, तहारतबद्दल मनात शंका राहते. अशी फरशी बदलायलाच हवी.

प्रश्न एवढाच, की बदलताना आपण कोणाचा विचार करतो? टाइल्सच्या दुकानात मुलगा-सून जातात, दादी घरीच राहतात. पण त्या फरशीवर पाच वेळा ओल्या पायांनी उभे राहायचे असते दादींनाच. थंडीतली फजर, अपुरा उजेड, एक पाय बेसिनमध्ये धुवायला उचललेला आणि दुसरा गुळगुळीत टाइलवर! जागतिक आरोग्य संघटनेनुसार अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो आणि त्यात साठीपुढची माणसे सर्वाधिक असतात. खुब्याचे हाड मोडले की चालते-फिरते माणूस अंथरुणाला खिळते.

म्हणून आम्ही म्हणतो, भिंत डोळ्यांसाठी निवडा, जमीन पायांसाठी. जमिनीला मॅट, न घसरणारी, पाणी न शोषणारी टाइल घ्या. भिंतीची चकचकीत सिरॅमिक टाइल खाली लावू नका. दुकानात नमुन्यावर पाणी टाकून हात फिरवून पाहा. टाइल एक बाय एक फुटाची असली तर सांधे जास्त येतात, पायाला पकड मिळते आणि ढाळही नीट काढता येतो.

खर्चाची भीती नको. न्हाणी 5 बाय 7 फूट धरली तर जमीन 35 चौरस फूट होते. सात फुटांपर्यंत भिंती मात्र दार वगळून सुमारे 150 चौरस फूट भरतात. जमिनीची टाइल चौरस फुटाला 20 रुपयांनी महाग घेतली, तरी फरक 700 रुपयांचा. तेवढे भिंतीच्या नक्षीतून सहज वाचतात.

मिस्त्रींशी काम सुरू होण्याआधीच बोलून घ्या. जुन्या फरशीवरच नवी बसवली की जमीन वर येते, दार अडते, पाणी खोलीत शिरते; शिवाय खालची गळती तशीच राहते. जुनी फरशी काढून वॉटरप्रूफिंग करून घ्या. मग जाळीचे तोंड बंद करून इंचभर पाणी एक-दोन दिवस साठवून ठेवा आणि खालच्या मजल्यावर ओल येते का ते पाहा. याला सुमारे 80 लिटर पाणी लागते. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो, तेव्हा ही तपासणी पाण्याच्या दिवशीच ठेवा. सात फुटांना साधारण एक इंच ढाळ जाळीकडे असावा. पाण्याचे बॅरल कुठे राहणार तेही आधीच ठरवा. चालायच्या वाटेत नको.

आणखी दोन गोष्टी याच वेळी उरकतात. भिंतीत धरायला स्टीलची दांडी घट्ट बसवून घ्या. वजूसाठी एका कोपऱ्यात बसायला छोटा ओटा आणि समोर खाली नळ करा. मग पाय उचलावा लागत नाही, आणि बसून शांतपणे वजू केली की पाण्याचा इसराफही टळतो.

नवी टाइल आल्यावर ॲसिडची बाटली घरातून काढाच. ते सांध्यांतले सिमेंट खाते, आणि ब्लीचिंगमध्ये मिसळले तर विषारी वायू तयार होतो. साबणाचे पाणी आणि ब्रश रोजच्यासाठी पुरे.

पाहुणे न्हाणीत दोन मिनिटे जातात. घरातल्या वडीलधाऱ्यांना तिथे रोज जायचे असते. तेव्हा टाइल पसंत करायच्या दिवशी दादींना, अब्बांना रिक्षात बसवून दुकानात सोबत न्या आणि पहिली पसंती त्यांना विचारा.