मालकीची नोंद आधी, भांडवल नंतर

काशीतील पंचगंगा घाटाच्या वरच्या बाजूस, मंगला गौरीच्या परिसरातील गल्ल्यांत, स्थावर मालमत्तेचे अर्थकारण नव्याने मांडले जात आहे. डिसेंबर २०२१ मध्ये काशी विश्वनाथ धामाचे उद्घाटन झाले. त्यासाठी सरकारने तीनशेहून अधिक मालमत्ता विकत घेतल्या. घरमालक, भाडेकरू आणि दुकानदार मिळून सुमारे चौदाशे जणांचे पुनर्वसन केल्याचे सरकार सांगते. त्यानंतर वाढलेल्या यात्रेकरूंच्या गर्दीने घाटालगतच्या जुन्या घरांना नवा उपयोग मिळवून दिला. जिथे कुटुंबे नांदत होती, तिथे अतिथीगृहे उभी राहू लागली.

काशीत बाहेरचे भांडवल येणे नवे नाही. अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले. भोसला घाट नागपूरकरांच्या पैशातून झाला. त्या भांडवलाला परतावा अपेक्षित होता तो पुण्याचा. नागपूर दरबारातील श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधलेला घाटावरचा वाडा आज आलिशान हॉटेल आहे. पुण्याकडून परताव्याकडे झालेल्या या प्रवासाचा पुढचा टप्पा म्हणजे लाखो बचतदारांचा पैसा एकत्र करून इमारती विकत घेणारी संस्थात्मक गुंतवणूक. ती काय घडवते आणि कशावर उभी असते, हे पाहायचे तर दक्षिण कोरियाकडे पाहावे लागते.

‘मिराई ॲसेट’ ही कंपनी पार्क ह्यून-जू यांनी १९९७ मध्ये, म्हणजे आशियाई वित्तीय संकटाच्याच वर्षी स्थापन केली. त्या संकटानंतर कोरियाने २००१ मध्ये स्थावर गुंतवणूक न्यासांचा कायदा केला. कंपन्यांच्या ताळेबंदात अडकलेल्या इमारती मोकळ्या करणे आणि सामान्यांच्या बचतीला नवी वाट देणे, असा त्यामागचा दुहेरी विचार होता. देशांतर्गत बाजार लहान आणि निवृत्तिवेतनाच्या तयारीला लागलेला समाज मोठा, त्यामुळे हा पैसा लवकरच सीमेबाहेर पडला. २००६ मध्ये मिराईने शांघायच्या पुडोंगमधील कार्यालयीन मनोरा घेतला. त्याच सुमारास ती मुंबईत आली आणि २०२४ मध्ये तिने ‘शेअरखान’ ही दलाली पेढी सुमारे तीन हजार कोटी रुपयांना विकत घेतली.

या वाढीची खरी परीक्षा अमेरिकेत झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये मिराईने चीनच्या ‘आनबांग’ विमा समूहाकडून पंधरा आलिशान हॉटेले ५.८ अब्ज डॉलरना घेण्याचा करार केला. मग असे उघड झाले की, त्यातील काही हॉटेलांची बनावट हस्तांतरणपत्रे कॅलिफोर्नियातील सरकारी दप्तरात नोंदवली गेली होती. मालकी हक्काचा निर्धोक विमा देण्यास विमा कंपन्या तयार होईनात. त्यातच महासाथ आली, हॉटेले ओस पडली. मिराईने माघार घेतली, प्रकरण डेलावेअरच्या न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये निकाल मिराईच्या बाजूने लागला. वरिष्ठ न्यायालयानेही तो पुढे कायम ठेवला. सुमारे ५८ कोटी डॉलरची अनामत वाचली. अब्जावधींचा व्यवहार, पण तो अडखळला तो मालकी निर्विवाद आहे की नाही या अगदी जुन्या प्रश्नावर.

दुसरा धडा अधिक कटू आहे. २०१० मध्ये सुरू झालेली ‘आयजिस’ ही कोरियातील सर्वात मोठी स्थावर मालमत्ता व्यवस्थापन कंपनी ठरली. तिने २०१८ मध्ये फ्रँकफर्टमधील ‘ट्रायनॉन’ मनोरा घेतला. त्यात सामान्य बचतदारांचेही पैसे होते. मुख्य भाडेकरू बँकेने जागा सोडण्याचे ठरवले, व्याजदर वाढले, कार्यालयांची किंमत घसरली आणि कर्ज थकले. इथे मालकीचे कागद चोख होते, तरीही एकाच इमारतीवर आणि एकाच भाडेकरूवर विसंबलेला पैसा बुडाला.

भारत आज या दोन्ही धड्यांच्या उंबरठ्यावर आहे. ‘सेबी’ने २०१४ मध्ये ‘रीट’चे नियम केले, २०१९ मध्ये पहिला रीट बाजारात आला आणि २०२० मध्ये नवी मुंबईतील ऐरोलीसारख्या कार्यालयीन संकुलांवर आधारलेला ‘माइंडस्पेस’. मार्च २०२४ मध्ये लघु व मध्यम रीटना परवानगी मिळाली. आता ५० कोटी रुपयांपासूनच्या मालमत्ता किमान दहा लाखांच्या हिश्श्यांत विकता येतात. म्हणजे उद्या तीर्थक्षेत्रातील एखादे हॉटेलही या चौकटीत बसू शकेल. ट्रायनॉनची जोखीम याच आकाराच्या मालमत्तेत सर्वाधिक असते.

मालकीचा प्रश्न तर त्याहून अवघड. १९०८ चा नोंदणी कायदा दस्त नोंदवतो, मालकीची हमी देत नाही. स्थावर संपदा कायद्याच्या कलम १६ मध्ये मालकी हक्काच्या विम्याची तरतूद आहे. व्यवहारात तो विमा दुर्मीळच. महाराष्ट्रातील शहरवासीयाच्या हाती निदान मिळकत पत्रिका असते. काशीच्या गल्लीतील घर मात्र बहुधा अविभक्त कुटुंबाचे, नाहीतर देवस्थानाच्या न्यासाचे. त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, तोंडी बोलीवर भाडे देणारे भाडेकरू. उत्तर प्रदेशचा २०२१ चा भाडेकरू कायदा लेखी करार मागतो. ज्याच्याकडे असा कागद नाही, तो खरेदीखताच्या दिवशी अदृश्य होतो.

मोडकळीला आलेली ही घरे भांडवलाविना वाचणार कशी, हा प्रश्न रास्त आहे. दुरुस्तीला पैसा हवा, आणि वारसांच्या भांडणात तो कुणीच घालत नाही. म्हणूनच भांडवलाला विरोध करण्यापेक्षा त्याच्या आगमनाचा क्रम ठरवणे महत्त्वाचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने १५२ नगरांत सुरू केलेल्या ‘नक्शा’ या शहरी भूमापन मोहिमेला तीर्थक्षेत्रांच्या जुन्या वस्त्यांत प्राधान्य द्यावे. त्या मोजणीत मालकाबरोबर भोगवटादाराचीही नोंद व्हावी. आणि ‘सेबी’ने लघु रीटना अशा वस्त्यांतील मालमत्तेच्या मालकीचा व भाडेकरूंचा संपूर्ण इतिहास माहितीपत्रकात देण्याची सक्ती करावी.

मिराईची अनामत वाचली, कारण तिच्याकडे निष्णात वकील होते आणि न्यायालयाने वर्षाच्या आत निकाल दिला. मंगला गौरीच्या गल्लीतील भाडेकरूकडे यांपैकी काहीच नाही. त्याचे नाव दप्तरात आधीच असेल, तरच येणाऱ्या पैशाला त्याची दखल घ्यावी लागेल.